१७ तासांच्या कामासाठी ट्रॅक्टर

दोन एकर, म्हणजे ८० गुंठे जमीन. त्यातली ६० गुंठे भातखाचरे आणि उरलेल्या २० गुंठ्यांत घर, विहीर, आंब्याची कलमे, शेवग्याच्या चार ओळी. अशा शेतात ट्रॅक्टर वर्षभरात मातीत उतरून किती तास काम करतो? हिशेब मांडला की उत्तर येते साधारण १७ तास.

जुना ट्रॅक्टर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने हा आकडा आधी स्वतःच्या जमिनीसाठी काढावा. हॉर्सपॉवर, मॉडेल, साल, भाव हे सगळे त्यानंतरचे प्रश्न आहेत. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधोमध असलेल्या चिखलोलीत तर हा हिशेब फारच गरजेचा आहे. इथे एका अंगाला एमआयडीसी, इमारती आणि कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या रेल्वेमार्गावरचे नियोजित स्थानक आहे. दुसऱ्या अंगाला ज्यांची जमीन अजून टिकून आहे, त्यांच्याकडे ती एक, दोन, फार तर तीन एकर. घरातली कमावती माणसे सकाळच्या लोकलने जातात, बैलजोडी सांभाळायला कोणी उरत नाही, आणि मग ‘एखादा जुना छोटा ट्रॅक्टर बघू’ असे ठरते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी वहिवाट १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. त्यामुळे हा हिशेब चिखलोलीपुरता नाही.

१७ तास कसे येतात ते पाहू. चार फुटी रोटाव्हेटर म्हणजे १.२ मीटर रुंदी. खाचरात ट्रॅक्टरचा वेग ताशी ३ किलोमीटर धरा. गुणाकार केला तर तासाला ३,६०० चौरस मीटर व्हायला हवे, पण खाचरात ते होत नाही. पाच गुंठ्यांचे खाचर घ्या, ३३ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. ३३ मीटर जायला ४० सेकंद लागतात. बांधाशी लिफ्ट उचलायची, वळायचे, मागे घ्यायचे, पुन्हा टेकवायचे, यात २०-२५ सेकंद जातात. शिवाय कोपरे दुसऱ्यांदा मारावे लागतात आणि एका खाचरातून दुसऱ्यात उतरताना वाट शोधावी लागते. म्हणून लहान खाचरांत कार्यक्षमता ५० टक्केच धरावी. उरले तासाला १,८०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास १८ गुंठे. ६० गुंठ्यांची एक फेरी ३ तास २० मिनिटांची. वर्षात अशा पाच फेऱ्या होतात : उन्हाळी उखळणी एक, पाऊस पडल्यावर एक, आडवी-उभी चिखलणी मिळून दोन आणि भात निघाल्यावर वाल-हरभऱ्यासाठी एक. झाले १७ तास.

यात ट्रॉलीची कामे मिळवा. शेणखत, पेंढा, सरपण, पाण्याची टाकी, कलमांवरची फवारणी. हात राखून न ठेवता धरले तरी वर्षाला ६० तास होतात.

आता दुसरा आकडा. शेतीयंत्रांच्या खर्चाचा हिशेब करताना आपल्याकडे ट्रॅक्टरचे आयुष्य १० वर्षे किंवा १०,००० तास धरतात, म्हणजे वर्षाला १,००० तास. तुमच्या ६० तासांनी भागले तर ते आयुष्य १६६ वर्षे पुरेल. इतकी वर्षे अर्थातच कोणतेही यंत्र टिकणार नाही, पण यातून खरेदीसाठी कामाची गोष्ट कळते. छोट्या शेतावर ट्रॅक्टर चालून चालून संपत नाही, तो उभा राहून संपतो. ऑइल सील कडक होतात, हायड्रॉलिकच्या नळ्यांना चिरा पडतात, बॅटरी बसते, टाकीत पाणी धरते, वायरी उंदीर खातात. ठाणे जिल्ह्यात पावसाची सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या घरात आहे. इथे शेडशिवाय चार पावसाळे काढलेला ट्रॅक्टर घाटावरच्या कोरड्या हवेत दुप्पट तास चाललेल्या ट्रॅक्टरपेक्षा वाईट निघू शकतो.

म्हणून मीटरवर ४,००० तास दिसले तर लगेच पाठ फिरवू नका आणि २,००० दिसले म्हणून ५० हजार जास्त मोजू नका. दिवसाला आठ तास ट्रॅक्टर चालवणाऱ्या भाडेवाल्याला त्या २,००० तासांची किंमत आहे, तुमच्या हिशेबात तेवढ्यातच ३३ वर्षे निघतात. पैसे मोजायचे ते रबर, सील, शेड आणि कागद या चार गोष्टींसाठी. शिवाय जुन्या मॉडेलांवरचा मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. केबल तुटली की तो थांबतो आणि पुढची कित्येक वर्षे तोच आकडा दाखवत राहतो.

घ्यावा की भाड्याने आणावा, हा प्रश्न आता रुपयांत मांडू. खालचे दर मी हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या मेकॅनिकचे आणि गावातले दर त्यांच्या जागी घाला, रीत तीच राहील.

खरेदी २,५०,००० रुपये. पहिल्या महिन्यात निघणारे काम, म्हणजे बॅटरी, तेल, फिल्टर, एखादा टायर, क्लच प्लेट, मिळून ५०,०००. एकूण गुंतवणूक ३,००,०००. आठ वर्षे वापरून १,००,००० ला विकला असे समजू.

घसारा : २,००,००० ÷ ८ = वर्षाला २५,०००
व्याज : सरासरी २,००,००० वर १० टक्क्यांनी २०,०००
विमा, शेड, किरकोळ : ८,०००
दुरुस्ती : १२,०००
एकूण : वर्षाला ६५,०००

हे ६५,००० ट्रॅक्टर हलला नाही तरी जवळजवळ सगळे जातात. ‘पैसे घरचेच आहेत, व्याज कशाला धरायचे’ असे म्हणून २०,००० ची ओळ खोडू नये, कारण तेच पैसे बँकेत ठेवले असते तर काही कमावले असते. डिझेल तासाला अडीच लिटर आणि लिटरला ९० रुपये धरले तर तासाला २२५ रुपये, ६० तासांचे १३,५००. सगळे मिळून ७८,५००. तासाला पडले १,३०८ रुपये.

गावात भाड्याचा दर तासाला १,००० असेल, तर स्वतःचा ट्रॅक्टर परवडायला ६५,००० ÷ (१,००० – २२५), म्हणजे वर्षाला ८४ तास काम हवे. शिवाय भाड्याने येतो तो बहुधा ४५ हॉर्सपॉवरचा, सहा फुटी रोटाव्हेटर लावलेला. तो तुमच्या ६० गुंठ्यांच्या पाच फेऱ्या १२-१३ तासांत उरकतो आणि १२-१३ हजार रुपये घेऊन जातो. कागदावर लढत संपली. दोन एकरवाल्याने ट्रॅक्टर घेऊ नये.

तरीही लोक घेतात आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. कारण तासाच्या दरात न दिसणारे पंधरा दिवस आहेत. जूनच्या सुरुवातीला रोप टाकले की २१ ते २५ दिवसांत ते आवणीला येते. पंचक्रोशीतल्या सगळ्यांचे रोप एकाच सुमाराला तयार होते, सगळ्यांना चिखलणी त्याच आठवड्यात हवी असते आणि ट्रॅक्टर असतात दोन किंवा तीन. मजूर ठरवून ठेवलेले, रोप उपटून पेंढ्या बांधलेल्या, खाचरात पाणी उभे, आणि ट्रॅक्टरवाला म्हणतो, ‘परवा येतो.’ परवा पाऊस उघडतो. रोपाचे वय वाढत जाते, फुटवे कमी येतात, वर्षाचे भात हातचे जाते. कंत्राटदारालाही पाच-पाच गुंठ्यांच्या तुकड्यांपेक्षा सलग दोन एकरांचे काम आवडते, त्यामुळे लहान शेतकऱ्याचा नंबर शेवटी लागतो. स्वतःचा ट्रॅक्टर म्हणजे त्या पंधरा दिवसांची खात्री. ती खात्री वर्षाला किती रुपयांची, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरवून मोजावे, नकळत मोजू नये.

मधला मार्ग आहे आणि मला तोच सर्वांत पटतो. भावकीतल्या किंवा शेजारच्या दोन घरांनी मिळून घ्यायचा. तास ६० चे १२० झाले आणि दुरुस्तीत आणखी ६,००० वाढवले, तरी खर्च ७१,००० अधिक डिझेलचे २७,०००, म्हणजे ९८,००० होतो. तासाला ८१७ रुपये, भाड्यापेक्षा कमी. अट एकच : कोणाचे खाचर आधी आणि दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, हे खरेदीआधी कागदावर लिहा. शेत एक एकराच्या आत असेल तर ट्रॅक्टरचा विचारच सोडून १२-१३ हॉर्सपॉवरचा पॉवर टिलर पाहा. चिखलणीला तो उत्तम आहे, बांध मोडत नाही आणि भाग सुटे करून सांभाळणेही सोपे जाते.

घ्यायचाच ठरला तर किती मोठा? पाटीवरची हॉर्सपॉवर इंजिनाची असते. रोटाव्हेटर फिरवणाऱ्या पीटीओपर्यंत त्यातला एक हिस्सा गळतो. १५ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरच्या पीटीओला ११ च्या आसपास मिळते, तेवढ्यावर तीन फुटी रोटाव्हेटर चालतो. चार फुटी हवा असेल तर २० ते २५ हॉर्सपॉवर लागते. महिंद्रा युवराज २१५ हा १५ हॉर्सपॉवरचा, एका सिलिंडरचा, सुमारे ७८० किलो वजनाचा. कलमांच्या ओळीत आणि ट्रॉलीला तो चांगला, खोल चिखलात मात्र त्याला दम लागतो. कुबोटाचा निओस्टार ए२११एन हा २१ हॉर्सपॉवरचा, तीन सिलिंडरचा, चारही चाकांना जोर असलेला. भाताच्या चिखलासाठी या जातीचा ट्रॅक्टर मला जास्त योग्य वाटतो. ४५ हॉर्सपॉवरचा जुना ट्रॅक्टर पुष्कळदा मिनीच्याच भावात मिळतो आणि मोह होतो. मोह आवरा. त्याचे वजन दुपटीहून जास्त, दोन मीटरच्या वाटेत तो वळत नाही, बांध ढासळवतो आणि मागच्या १३.६-२८ च्या टायरची जोडी बदलायची वेळ आली की स्वस्ताईचा आनंद तिथेच संपतो.

कंपनी निवडताना सुट्या भागांचा प्रश्न आधी विचारा. महिंद्राचे ट्रॅक्टर १९६३ पासून इथल्याच कांदिवलीत तयार होऊ लागले. त्यांचे, तसेच स्वराजचे सुटे भाग मिळणे सोपे आहे. एचएमटीचे ट्रॅक्टर उत्पादन २०१६ मध्ये बंद झाले, फोर्स मोटर्सने २०२४ मध्ये ट्रॅक्टरचा धंदा आवरला. यंत्र म्हणून ते वाईट नव्हते, पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात क्लच प्लेट कल्याण-बदलापूरच्या दुकानात मिळाली नाही, तर ट्रॅक्टर असून नसल्यासारखा.

जुना ट्रॅक्टर पाहताना तो कुठून आला ते आधी विचारा. या पट्ट्यात ट्रॅक्टरने शेतीपेक्षा वीटभट्टी, माती, खडी आणि पाण्याचे टँकर जास्त ओढले आहेत. नगर-सोलापूरकडून आलेला असेल तर त्याने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढलेल्या असण्याची शक्यता मोठी. अशा ट्रॅक्टरचे इंजिन ठणठणीत असते, पण क्लच, ब्रेक आणि मागचा क्राऊन-पिनियन थकलेला असतो. ट्रॉली जोडायच्या हूकचे भोक पाहा. गोल असेल तर ठीक, लांबट झाले असेल तर ट्रॅक्टर वाहतुकीत राबला आहे, मालक काहीही सांगो. पीटीओच्या शाफ्टवरचे दात टोकदार झाले असतील तर रोटाव्हेटरही भरपूर चालला आहे. तिसरी शक्यता पुराची. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली, त्या पुरात उल्हास नदीकाठची वाहनेही बुडाली. बुडालेल्या ट्रॅक्टरला नवा रंग चढतो, पण डायनॅमोच्या आत, सीटखाली, हेडलाइटच्या वाटीत गाळाची रेघ राहते. गिअरबॉक्सचे तेल दुधाळ दिसले तर तिथूनच परत या.

म्हसाच्या जत्रेत बैल घेणारा जसा दात पाहतो, वशिंड दाबतो, चालवून बघतो, तशीच सवड इथे हवी. सकाळी, न सांगता जा. बॉनेटवर हात ठेवा. इंजिन कोमट असेल तर तुमच्या येण्याआधी ते चालू करून ठेवले आहे. थंड इंजिन एका-दोन प्रयत्नांत सुरू व्हायला हवे. सुरुवातीचा पांढरा धूर मिनिटात विरला पाहिजे, निळसर धूर टिकून राहिला तर इंजिन ऑइल पीत आहे. चालू इंजिनावर ऑइल भरायचे झाकण उघडा. वाफ हलकी येत असेल तर चालेल, भपकारा येत असेल तर पिस्टन-लायनर गेले आहेत आणि इंजिन बांधायचा खर्च तुमच्या डोक्यावर आहे. ‘अजून पाना लागला नाही’ हे वाक्य प्रत्येक विक्रेता बोलतो. बोल्टच्या कडा पाहा, त्या झिजलेल्या असतील तर पाना अनेकदा लागला आहे.

मग हायड्रॉलिक. मागे रोटाव्हेटर किंवा दुसरे जड अवजार जोडायला सांगा, पूर्ण वर उचला आणि इंजिन बंद करा. अवजाराच्या टोकाशी जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. दहा मिनिटे गप्पा मारा आणि पुन्हा मोजा. दोन-चार सेंटिमीटर उतरले तर वयाचा दोष म्हणून सोडून द्या. वीतभर उतरले तर सिलिंडरचे सील किंवा वाल्व गेला. जमिनीलाच टेकले तर तीच लिफ्ट दर वळणावर, दर बांधाशी तुम्हाला छळणार आहे. पाच गुंठ्यांच्या खाचरात लिफ्ट तासाभरात पन्नासेक वेळा वर-खाली होते. म्हणून भाताच्या शेतासाठी मी इंजिनाइतकेच महत्त्व लिफ्टला देतो. त्यानंतर पुढचा एक्सल जॅकवर उचलून चाक हाताने हलवा, बुशिंगचा खेळ लगेच कळतो. चारचाकी जोराच्या ट्रॅक्टरला पुढच्या हबमधून तेल झिरपते का ते बोटाने तपासा, चिखल शिरतो तो तिथूनच. टायरवर बहुधा चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ मधला २३वा आठवडा. ट्रॅक्टर २०१९ चा आणि मागचे टायर २०२१ चे असतील, तर दोन वर्षांत टायर का बदलले, हा प्रश्न विचारायलाच हवा.

भावाबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ४,००,००० असलेला नवा मिनी ट्रॅक्टर ४,४८,००० ऐवजी ४,२०,००० ला पडतो, म्हणजे सव्वासहा टक्के स्वस्त. जुन्याचे भाव सांगणारे मात्र अजून आधीच्या किमतीवरून मोजतात. एक साधी पट्टी वापरा : ४,२०,००० चा ट्रॅक्टर दहा वर्षांत दहा टक्क्यांवर येतो असे धरले, तर वर्षाला ३७,८०० रुपये कमी होतात आणि सहाव्या वर्षाअखेर किंमत उरते १,९३,२००. बाजार याहून जास्त मागेल, पण घासाघीस इथून सुरू करा आणि पहिल्या महिन्याचा दुरुस्ती खर्च त्यातून वजा करत चला. महाडीबीटीवरचे यांत्रिकीकरण अनुदान नव्या यंत्राला मिळते, जुन्याला नाही. समजा नव्या ट्रॅक्टरला एक लाखाचे अनुदान मंजूर झाले, तर तो ३,२०,००० ला पडेल आणि वर मांडलेला जुना ३,००,००० ला. अशा वेळी जुन्याचा विचार सोडून द्यावा. माझी मर्यादा अशी : दुरुस्तीसह जुना ट्रॅक्टर नव्याच्या निव्वळ किमतीच्या ६० टक्क्यांवर गेला, तर घेऊ नये.

कागदांचे थोडक्यात. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. म्हणजे १३ वर्षांचा ट्रॅक्टर घेतलात तर दोन वर्षांत तो खर्च तुमचा. चिखलोली कल्याण आरटीओत येते, नंबर एमएच-०५. बाहेरच्या जिल्ह्यातला असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८ हवा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म ३५. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्यावा लागतो. नुसत्या टीटी (नावबदलाच्या) फॉर्मवर सह्या घेऊन ट्रॅक्टर वर्षानुवर्षे तसाच फिरवायची पद्धत आहे, ती सोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताची जबाबदारी त्याची. एप्रिल २०१९ आधीच्या वाहनाला नवी सुरक्षा नंबरपाटी लागते, ट्रॅक्टरला ती ४५० रुपये अधिक जीएसटी. शेजाऱ्याची कामे पैसे घेऊन करणार असाल तर विमा शेतीच्या वापरापुरताच आहे का, ते पॉलिसीत वाचून घ्या. पीटीओवरचे संरक्षक झाकण आधीच्या मालकाने काढून टाकले असेल तर ट्रॅक्टर घरी येण्याआधी ते बसवून घ्या. फिरत्या शाफ्टमध्ये धोतराचा सोगा किंवा ओढणी गुंतायला क्षणही लागत नाही.

पाहणी दिवाळीनंतर सुरू करा. मे महिन्यात गरजू माणूस पाहून भाव चढतो आणि मेकॅनिकला वेळ नसतो. पसंत पडला तरी टोकन देण्याआधी आरसीवरचा चेसिस नंबर ट्रॅक्टरवरच्या कोरलेल्या नंबराशी ताडून घ्या आणि परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बोजा, विमा आणि नोंदणीची मुदत तपासा. यातली एक जरी नोंद जुळली नाही, तर तो ट्रॅक्टर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.